नदीचे दोन तीर, आरोग्य एक

अमेरिकेच्या टेक्सास राज्यांतील एल पासो आणि मेक्सिकोंतील सिउदाद हुआरेस हीं दोन शहरें एकाच खोऱ्यांत वसलेलीं आहेत. दोहोंमधून एक नदी वाहते. उत्तरेकडचे लोक तिला रिओ ग्रांदे म्हणतात, दक्षिणेकडचे रिओ ब्राव्हो. २०२० च्या शिरगणतींत उत्तर तीरावर सुमारे ६ लाख ७९ हजार व दक्षिण तीरावर १५ लाखांहून अधिक वस्ती भरली. नदीवर पूल आहेत, आणि पहाटेपासून त्या पुलांवर माणसांची रांग लागते. कोणी कामाला निघालेलें असतें, कोणी शाळेला, कोणी बाजाराला, तर कोणी पैलतीरावर राहणाऱ्या आजीच्या भेटीला. प्रत्येकास आपला कागद दाखवावा लागतो. डांसाला, क्षयाच्या जंतूला व खोऱ्यांत कोंडणाऱ्या धुरळ्याला मात्र तो दाखवावा लागत नाहीं. या सीमेवरील आरोग्याचा प्रश्न येथूनच सुरू होतो. रोगाला पूल सदैव मोकळा आहे. उपचाराच्या वाटेवर मात्र पदोपदीं नाकीं आहेत.

पॅसिफिक महासागरापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत ही सीमा सुमारे दोन हजार मैल लांब आहे. तिच्या उत्तरेस कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको व टेक्सास हीं चार राज्यें आहेत, दक्षिणेस मेक्सिकोचीं सहा. उत्तर बाजूच्या अनेक गांवांत बहुसंख्य वस्ती लॅटिनो लोकांची, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या व मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांची आहे. लारेडो शहरांत दहांपैकीं नऊंहून अधिक माणसें या समाजाचीं आहेत. त्यांना सरसकट परके समजणें इतिहासाला धरून नाहीं. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो येथील तहानें मेक्सिकोचा फार मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला, तेव्हां तेथें पिढ्यान् पिढ्या राहणारीं कुटुंबें जागच्या जागींच होतीं. त्यांनीं घर बदललें नाहीं. त्यांचा देश बदलला. पुढें शेतें, खाणी व लोहमार्ग यांना मजूर हवे झाले आणि दक्षिणेकडून माणसें बोलावलीं गेलीं. आज एकाच घरांत आजी मेक्सिकोची नागरिक, बाप कागदपत्रांवांचून राहणारा आणि मुलें जन्मानें अमेरिकन, असा प्रकार विरळा नाहीं.

या लोकांची व सरकारी आरोग्यखात्याची जुनी गांठ कशी पडली, हें ध्यानांत घेतल्यावांचून आजचा प्रश्न उलगडत नाहीं. १९१७ च्या जानेवारींत टायफस ज्वराच्या भीतीनें एल पासोच्या पुलावर एक नवा नियम अंमलांत आला. हुआरेसहून येणाऱ्या मजूर वर्गांतील स्त्रीपुरुषांनीं कपडे उतरून द्यावे, ते वाफेंत घालावे, उवांसाठीं माणसांच्या केसांना घासलेट व शिरका लावावा आणि मगच त्यांना पुढें सोडावें, असा तो नियम होता. आदल्याच वर्षीं एल पासोच्या तुरुंगांत कैद्यांना अशाच रीतीनें पेट्रोलसारख्या द्रवानें न्हाऊं घालतांना आग लागून अनेकजण जळून मेले होते. ती आठवण ताजी होती. शिवाय नग्न स्त्रियांचीं छायाचित्रें काढलीं जातात अशी वदंता पसरली होती. २८ जानेवारीच्या सकाळीं कार्मेलिता टोरेस नांवाच्या सतरा वर्षांच्या मोलकरणीनें स्नानास नकार दिला आणि ट्राममधील इतर बायकांना आपल्यामागें उभें केलें. पाहतां पाहतां शेंकडों स्त्रिया जमल्या व पुलावरची वाहतूक बंद पडली. बंड मोडलें, पण स्नानाची रीत पुढें कित्येक वर्षें चालूच राहिली. १९४२ ते १९६४ या काळांत करारावर आणलेल्या मेक्सिकन शेतमजुरांच्या अंगावर डी. डी. टी. ची भुकटी फवारली जात असे, त्याचीं छायाचित्रें आजही उपलब्ध आहेत. टायफस उवांमुळें पसरतो हें खरें, आणि त्याचा बंदोबस्त करणें अवश्य होतें हेंही खरें. परंतु ज्याच्या रक्षणासाठीं उपाय करावयाचा त्यालाच रोग मानून वागविलें, कीं तो उपाय मनांत खोल जखम करून जातो. आरोग्याचा अधिकारी दारांत आला कीं दार लावून घ्यावें, अशी शिकवण या समाजाला पुलावरच मिळाली.

याच सीमेवर दुसरी, अधिक शहाणी परंपराही निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धांत लष्करी छावण्यांच्या आसपास गुप्तरोग वाढूं लागले, आणि एका तीरावर औषधोपचार व दुसऱ्या तीरावर स्वस्थता, असें चालणार नाहीं हें दोन्हीं सरकारांना कळून चुकलें. १९४२ मध्यें अखिल अमेरिकी आरोग्य कचेरीनें एल पासो येथें आपली शाखा उघडली, आणि १९४३ मध्यें दोन्ही देशांतील आरोग्याधिकाऱ्यांची एक संयुक्त संस्था स्थापन झाली. शत्रु पलीकडचा माणूस नसून दोघांनाही ग्रासणारा रोग आहे, ही जाणीव त्यामागें होती. त्याच वाटेनें पुढें जाऊन २००० मध्यें दोन्हीं सरकारांनीं सीमाप्रदेशासाठीं संयुक्त आरोग्य आयोग नेमला.

रोगाचें मूळ कोठें असतें, याचा एक धडा लारेडोनेंच दिला. नदीच्या पलीकडे न्वेव्हो लारेडो हें त्याचें जुळें शहर आहे. १९९९ मध्यें त्या भागांत डेंग्यू ज्वराची सांथ आली असतां संशोधकांनीं दोन्हीं शहरांतील घरें तपासलीं. डेंग्यू पसरविणारा डांस उत्तरेकडील लारेडोंत अधिक सांपडला. ज्वराचे रोगी मात्र दक्षिणेकडील शहरांत कितीतरी अधिक निघाले. हवा एक, नदी एक, डांस एक. मग हा फरक कां? उत्तरेकडील घरांत गारवा देणारीं यंत्रें होतीं व खिडक्या बंद राहत असत, म्हणून डांस बाहेर व माणूस आंत. दक्षिणेकडील घरांना तें परवडत नव्हतें. म्हणजे रोग्याचें भवितव्य डांसानें जितकें ठरविलें त्याहून अधिक घराच्या भिंतींनीं ठरविलें.

परंतु दारिद्र्य केवळ दक्षिण तीरावर आहे असें कोणीं समजूं नये. टेक्सासच्या सीमाभागांत ‘कोलोनिया’ नांवाच्या दोन हजारांहून अधिक वसाहती आहेत व त्यांत चार-पांच लाख माणसें राहतात. शहराच्या हद्दीबाहेरील पडीक जमिनीचे तुकडे पाडून ते हप्त्यांनीं मजुरांना विकले गेले, त्यांतून या वसाहती वाढल्या. खरेदीखत शेवटचा हप्ता भरल्यावर मिळावयाचें. एक हप्ता चुकला तर भरलेले पैसे व बांधलेलें घर दोन्ही बुडण्याची धास्ती. विकणाऱ्यानें नळ, मोरी किंवा पक्का रस्ता यांपैकीं कांहीं द्यावें असें बंधन नव्हतें. घरांत पाणी पिंपांतून आणावयाचें, सांडपाणी अंगणांतल्या खड्ड्यांत सोडावयाचें, आणि पाऊस पडला कीं खड्ड्यांतलें व विहिरींतलें पाणी एक व्हावयाचें. अशा ठिकाणीं हगवण व कावीळ यांना आमंत्रण द्यावें लागत नाहीं. १९८९ पासून टेक्सास सरकारनें पाणी व मोऱ्यांसाठीं पैसा देण्यास आरंभ केला आणि १९९५ च्या कायद्यानें सोयींवांचून भूखंड विकण्यास आळा घातला. त्यानें पुष्कळ वसाहतींची दशा पालटली, सर्वांची नाहीं. या वसाहतींतील बहुसंख्य रहिवासी अमेरिकेचे नागरिक आहेत, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां असा एखादा रहिवासी आजारी पडला, तर त्याच्यापुढें कोणते मार्ग आहेत? पहिली अडचण वैद्यांची. या भागांत डॉक्टरांची टंचाई जुनी आहे. एल पासोला पूर्ण वैद्यकीय विद्यालय २००९ मध्यें व रिओ ग्रांदेच्या मुखाकडील दरींत २०१६ मध्यें सुरू झालें. त्या दरींतील इदाल्गो परगण्याची वस्ती आठ लाखांहून अधिक आहे. सार्वजनिक रुग्णसेवेसाठीं कर बसवून एक मंडळ स्थापावें, असा प्रस्ताव तेथील मतदारांपुढें २०१४ व २०१६ मध्यें आला. दोन्ही वेळां तो फेटाळला गेला. कराचा बोजा आधींच वांकलेल्या माणसाला आणखी वांकवील, असें विरोधकांना वाटलें, आणि त्यांची शंका अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. पण त्याचा परिणाम असा कीं, ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्याला हक्कानें जातां येईल असें सार्वजनिक रुग्णालय दरींत उभें राहिलें नाहीं.

दुसरी अडचण पैशाची. अमेरिकेंत उपचाराचा खर्च विम्यावर चालतो. २०१० च्या कायद्यानें गरिबांसाठीं असलेल्या ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेचा विस्तार करण्याची मुभा राज्यांना मिळाली. सीमेवरील तीन राज्यांनीं ती घेतली. टेक्सासनें घेतली नाहीं, आणि विमा नसलेल्यांचें प्रमाण त्याच राज्यांत देशांत सर्वांत अधिक आहे. शेतांत राबणारा, इमारतीवर विटा वाहणारा, परक्या घरीं भांडीं घासणारी, यांना मालकाकडून विमा मिळत नाहीं, आणि स्वतः विकत घेण्याची ऐपत नसते.

तिसरी अडचण कागदांची, आणि ती सर्वांत कठोर आहे. ज्याच्याजवळ वास्तव्याचा परवाना नाहीं, त्याला त्याच २०१० च्या कायद्याच्या बाजारांत पदरचे पैसे देऊनही विमा घेतां येत नाहीं. १९८६ च्या एका कायद्यान्वयें जिवावर बेतलेल्या रोग्याला कोणत्याही रुग्णालयाच्या तांतडीच्या विभागांत तपासून सांवरणें बंधनकारक आहे. कायदा चांगला आहे. पण त्याचा अर्थ मूत्रपिंडाच्या रोग्याला विचारावा. या सीमाप्रदेशांत मधुमेह फार आहे. ब्राउन्सव्हिल येथें २००४ पासून चाललेल्या पाहणींत प्रौढांपैकीं चतुर्थांशाहून अधिक लोकांत तो आढळला. मधुमेह हयगयीनें वाढला कीं मूत्रपिंडें निकामी होतात, आणि मग आठवड्यांतून तीनदां यंत्रानें रक्त शुद्ध करून घ्यावें लागतें. टेक्सासांत अनेक ठिकाणीं परवान्यावांचूनच्या रोग्याला ही सेवा नेमानें मिळत नाहीं. श्वास कोंडूं लागेपर्यंत, रक्तांतील क्षार धोक्याच्या पातळीला जाईपर्यंत त्यानें थांबावें, मग तांतडीच्या दारीं यावें, वांचावें आणि पुन्हा पुढच्या मरणाची वाट पाहत घरीं जावें. त्याच राज्यांतील डॅलस शहरीं कांहीं रोग्यांना नेमानें ही सेवा मिळूं लागली, तेव्हां मृत्यु घटले आणि एकंदर खर्चही घटला. दया व काटकसर या दोघींचा सल्ला येथें एकच आहे, तरीही तो मानला जात नाहीं.

कागदांचा अडथळा नदीपाशीं संपत नाहीं. सीमेच्या उत्तरेस साठ-सत्तर मैलांवर मोठ्या रस्त्यांवर सीमारक्षकांचीं आणखी नाकीं आहेत. दरींतल्या आईबापांपाशीं परवाना नसेल आणि मुलावरील शस्त्रक्रिया ह्यूस्टन किंवा सॅन अँटोनियो येथेंच होणार असेल, तर त्यांच्यापुढें निवड उरते ती अशी: मुलाबरोबर जावें आणि वाटेंत पकडलें जावें, किंवा मुलाला परक्याच्या हातीं सोपवावें. मूल अमेरिकेचें नागरिक असलें तरी ही निवड टळत नाहीं. या भीतीचा विस्तार कायद्याहून मोठा आहे. सरकारी मदत घेणाऱ्यांस कायमचा परवाना नाकारण्याचा व्यापक नियम २०१९ मध्यें जाहीर झाला व २०२१ मध्यें रद्द झाला. परंतु त्या अवधींत ज्यांना तो लागू नव्हता अशांनींही मुलांचीं नांवें योजनांतून काढून घेतलीं. रुग्णालयांत सहसा धरपकड करूं नये असा जो सरकारी निर्बंध होता, तोही २०२५ च्या जानेवारींत उठविला गेला. नियम कागदावर बदलतो. त्याची बातमी मात्र वस्तींत भीतीच्या रूपानें पोंचते, आणि ती सहजासहजीं परत जात नाहीं.

ज्यांच्यापाशीं कागद आहेत ते उलट दिशेनें चालूं लागतात. ॲरिझोनांतील युमाजवळ सीमा ओलांडली कीं लोस अल्गोदोनेस हें लहानसें मेक्सिकन गांव लागतें. तेथें दंतवैद्य शेंकड्यांनीं मोजावे लागतात. त्यांचें गिऱ्हाईक केवळ लॅटिनो नाहीं. गोरे निवृत्त वृद्धही तेथें दांत बसवून व औषधें घेऊन परततात, कारण तेथील दर पुष्कळच कमी असतात. कॅलिफोर्नियानें १९९८ मध्यें कायदा करून, सीमेपलीकडील दवाखान्यांत उपचार देणाऱ्या विमायोजनांना रीतसर मार्ग मोकळा केला. हजारों कामगार त्यामुळें आपल्या भाषेंत बोलणाऱ्या डॉक्टरकडे आपल्याच विम्यावर जाऊं शकतात. लोकांनीं पायांनीं पाडलेली वाट कायद्यानें पक्की केली, याचें हें चांगलें उदाहरण होय.

क्षयाच्या बाबतींत तर असें सहकार्य केवळ सोयीचें नसून अपरिहार्य आहे. क्षयाचा साधा उपचार सहा महिने अखंड चालावा लागतो. तो मध्येंच तुटला तर जंतु औषधाला दाद देईनासा होतो. सॅन डिएगोंत औषध सुरू झालेला मजूर तिसऱ्या महिन्यांत तिहुआनास परतला, तर त्याचें पुढें काय व्हावें? १९९७ मध्यें सॅन डिएगोच्या आरोग्याधिकाऱ्यांनीं अशा रोग्यांची माहिती पलीकडील दवाखान्याकडे धाडण्याची व्यवस्था उभारली. रोगी देश बदलतो, पण त्याच्या औषधाची गोळी चुकत नाहीं. अशा एका रोग्याचा उपचार पुरा झाला, कीं त्याच्यापासून लागण झाली असतीं अशीं दोन्हीं तीरांवरचीं माणसें वांचतात.

या सर्व अडचणींवर ज्या एका उपायानें गेल्या कांहीं दशकांत सर्वांत घरगुती रीतीनें मात केली, तो कोणत्याही इमारतींत राहत नाहीं. त्याचें नांव ‘प्रोमोतोरा’. प्रोमोतोरा म्हणजे त्याच वस्तींत राहणारी, बहुधा स्वतः आई असलेली, थोडें शिक्षण दिलेली स्त्री. ती डॉक्टर नसते, परिचारिका नसते. ती शेजारीण असते. तिला ठाऊक असतें कीं अमुक घरची आजी इन्सुलिन अर्धें अर्धें करून पुरवते, अमुक घरांत बाप नाक्याच्या भीतीनें छातीची कळ लपवतो, अमुक गरोदर मुलीनें अजून दवाखान्याचें तोंड पाहिलें नाहीं. ती स्वयंपाकघरांत बसते, कॉफी घेते, आणि मक्याच्या पोळ्या किती व कशा खाव्या, पाय रोज कां पाहावे, रक्तांतील साखर कशी मोजावी, हें बोलतां बोलतां सांगते. ऐपतीप्रमाणें फी घेणाऱ्या सार्वजनिक आरोग्यकेंद्राचा पत्ता ती देते, आणि वेळ पडल्यास बरोबर जाते. डॉक्टरचें इंग्रजी व रोग्याचें स्पॅनिश यांच्यामध्यें तीच उभी असते. टेक्सासनें १९९९ मध्यें या कामाचा कायद्यानें विचार करण्यास आरंभ केला आणि पुढें १६० तासांचें शिक्षण घेणाऱ्यांस प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था केली. मेक्सिकोच्या वकिलातींनींही २००३ पासून ‘आरोग्याची खिडकी’ उघडली. पारपत्रासाठीं रांगेंत उभ्या असलेल्या माणसाचा रक्तदाब व साखर तेथेंच तपासली जाते, आणि पुढें कोठें जावें हें सांगितलें जातें. आपल्याच देशाच्या कचेरींत आपल्याला कोणी पकडणार नाहीं, हा विश्वास त्या खिडकीचें खरें भांडवल आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना अपरिचित वाटूं नये. नगर जिल्ह्यांतील जामखेड येथें रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानें १९७० मध्यें काम आरंभिलें, तेव्हां गांवोगांवच्या अल्पशिक्षित स्त्रियांना शिकवून त्यांच्याच हातीं गांवाचें आरोग्य सोंपविलें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ मध्यें जगांतील अशा प्रयोगांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत जामखेडबरोबर लॅटिन अमेरिकेंतील प्रयोगही होते. आणि १९७८ च्या आल्मा आता येथील जाहीरनाम्यानें हा विचार सर्व राष्ट्रांपुढें मांडला. जामखेडची आरोग्यसेविका व रिओ ग्रांदेची प्रोमोतोरा एकमेकींस ओळखत नाहींत. पण त्यांचें काम एकाच कुळांतलें आहे.

तथापि प्रोमोतोरेवर सारा भार टाकून सरकारांना मोकळें होतां येणार नाहीं. ती रोग्याला दारापर्यंत आणील. दार आंतून उघडणें तिच्या हातीं नाहीं. तिचा पगार पुष्कळदां एखाद्या तात्पुरत्या अनुदानांतून येतो. अनुदान संपलें कीं ती जाते, आणि तिच्याबरोबर वस्तीनें कमावलेला विश्वासही जातो. २०२० च्या जुलैमध्यें कोविडची सांथ दरींत शिगेला पोंचली, तेव्हां स्टार परगण्यांतील रुग्णालयाला कोणत्या रोग्यास उपचार द्यावे व कोणास घरीं पाठवावें हें ठरविण्यासाठीं समिति नेमावी लागली. मधुमेह, दाटीची घरें, विम्याचा अभाव व डॉक्टरांची टंचाई यांचें कित्येक वर्षांचें देणें त्या एका महिन्यांत वसूल झालें. शेजारणीनें कितीही धांव घेतली तरी खाटा, यंत्रें व वैद्य यांची उणीव ती भरून काढूं शकत नाहीं.

म्हणून या सीमेवर करावयाच्या गोष्टी गूढ नाहींत. वसाहतींत पाणी व मोऱ्या पुऱ्या व्हाव्या. मूत्रपिंडाच्या रोग्यास मरणाच्या उंबऱ्यावर येईपर्यंत तिष्ठत ठेवूं नये. प्रोमोतोरेचा पगार अनुदानावर न ठेवतां आरोग्यखर्चाचा नित्य भाग करावा. रोग्याचे कागद त्याच्याबरोबर दोन्हीं तीरांवर फिरावे. आणि ज्या वाटेनें आजारी माणूस दवाखान्याकडे जातो, ती वाट धरपकडीपासून मुक्त असावी. यांपैकीं प्रत्येक गोष्ट सीमेवर कोठें ना कोठें अंशतः करून पाहिलेली आहे, व ती साधते असें दिसून आलेलें आहे.

१९१७ मध्यें पुलावर आरोग्यखातें घासलेटाची बादली घेऊन उभें होतें आणि मोलकरणी परत फिरल्या. आज त्याच खोऱ्यांतल्या एखाद्या कोलोनियांत प्रोमोतोरा दार ठोठावते आणि त्या मोलकरणींच्या पणत्या तिला आंत घेतात. ही मजल लहान नाहीं. ती स्त्री आंत गेल्यावर ज्याला दवाखान्यांत पाठवील, त्याला तेथें औषध मिळतें कीं नाहीं, यावरच आतां पुढचें सारें अवलंबून आहे.